कूलर मोठा घेतलात, पण तो नीट टेकलाय का?

मे महिन्यात कोल्हापुरात, राजारामपुरीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५-३६ डिग्री असेल ना, तर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर किलोभराचा कूलर लावा नाहीतर सव्वा किलोचा लावा, प्रोसेसरचं तापमान खोलीच्या खाली जाणार नाही. प्रोसेसरचा हा एअर कूलर थंडी तयार करत नाही, चिपमधली उष्णता उचलतो आणि खोलीतल्या हवेत नेऊन सोडतो, एवढंच त्याचं काम. त्यामुळं थंडीत ७० वर चालणारं मशीन उन्हाळ्यात ८३ दाखवायला लागलं म्हणून लगेच प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट बदलायला बसू नका, खोली १३ डिग्रीनं तापली की चिप पण साधारण तेवढीच वर जाते, विषय संपला. याचा एक फायदा पावसाळ्यात आहे बघा. जुलैत आपल्याकडं भिंतींना ओल येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि मग पोरं विचारतात की कूलरवर दव धरून मदरबोर्ड जाणार का. चालू मशीनमधला एअर कूलर खोलीपेक्षा गरमच असतो, त्याच्यावर दव धरायचा प्रश्नच नाही.

आता मोठा कूलर लागतोच कशाला? तर इंटेलचा कोअर आय९ १३९००के फुल टर्बोत (म्हणजे पूर्ण जोरात पळताना) २५३ वॉटपर्यंत जातो, आणि ही सगळी उष्णता निघते साधारण अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनमधून. एवढ्याशा जागेतून ती बाहेर काढून अख्ख्या फिनवर, म्हणजे कूलरच्या पातळ पत्र्यांवर, पसरवायची म्हणजे नुसता धातूचा ठोकळा पुरत नाही, म्हणून त्यात हीटपाईप असतात. नॉक्टुआचा एनएच-डी१५ घ्या, उंची १६५ मिलिमीटर, दोन पंख्यांसकट वजन १३२० ग्रॅम, आणि तळातून निघालेल्या सहा हीटपाईप. लोकांना वाटतं त्या तांब्याच्या भरीव दांड्या आहेत. तसं नाही, त्या आतून पोकळ असतात, हवा काढून अगदी थोडं पाणी घालून बंद केलेल्या, आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर (शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या मंडळींना सिंटरिंग, म्हणजे भुकटी तापवून एकजीव करणं, वेगळं सांगायला नको). आत दाब कमी, त्यामुळं पाणी १०० ची वाट न बघता ४०-५० लाच उकळतं, वाफ गार टोकाकडं जाते, फिनला उष्णता देऊन परत पाणी होते आणि त्या सच्छिद्र थरातून झिरपत खाली येते. आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीवरनं सगळी वाफ निघून जाते, इथं तीच वाफ कोंडून परत परत वापरलीय असं समजा. हे १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी करून दाखवलं.

हिशेब केला तर मजा वाटते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला त्या तापमानाला साधारण २४०० ज्यूल लागतात, म्हणजे २५० वॉट वाहून न्यायला सेकंदाला ०.१ ग्रॅम पाण्याची वाफ झाली की बास.

पण हे सगळं पुढचं. उष्णता आधी हीटपाईपपर्यंत पोचली पाहिजे, आणि लोकांचं घोडं तिथंच अडतं. प्रोसेसरवरची धातूची टोपी आणि कूलरचा तळ दोन्ही डोळ्याला आरशासारखे सपाट दिसतात पण बारीक खाचा असतात आणि त्यात हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, चांगल्या पेस्टची ५ ते १०, हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट तांब्यापुढं काहीच नाही, तिचं काम फक्त हवेला हुसकून लावायचं. २०० वॉट, १० चौरस सेंटिमीटर जागा, वाहकता ५ धरली तर ०.०५ मिलिमीटर पेस्टच्या थरात फक्त २ डिग्री जातात, तोच थर ०.३ मिलिमीटर राहिला तर १२ डिग्री. आणि नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेलं प्लॅस्टिक काढायचं राहिलं तर? ०.०५ मिलिमीटरच्या फिल्मला ५० डिग्री! हा ढोबळ हिशेब आहे, उष्णता मधोमधच जास्त असते त्यामुळं प्रत्यक्षात आणखी वाईट. तरी ती फिल्म काढायची विसरणारे दरवर्षी भेटतातच.

म्हणून पेस्ट जास्त घालून उपयोग नाही, ४-५ मिलिमीटरचा एक थेंब मध्ये टाका, पसरायचं काम दाब करतो. दाब मात्र सगळीकडनं सारखा पाहिजे. एका बाजूचा स्क्रू आधी शेवटपर्यंत आवळला की दुसरी कड उचलली जाते, पेस्ट तिकडं जाड राहते आणि मग चार कोअर ७० ला नि चार ९० ला. दोन्ही स्क्रूंचे आधी दोन-दोन आटे धरवायचे, मग एकदा इकडं, एकदा तिकडं, अर्धा-अर्धा फेरा. बहुतेक चांगल्या किटमध्ये स्प्रिंगचे स्क्रू असतात, एका जागी गच्च थांबतात, तिथं हात थांबवा, त्याच्या पुढं जोर लावला तर बोर्ड वाकेल.

बाकी मापं वगैरे घ्यायच्या आधी बघायची: कॅबिनेट किती उंच कूलर घेतं, पुढचा पंखा रॅमवर येतो का (एनएच-डी१५ ला दोन्ही पंखे लावले तर खाली ३२ मिलिमीटरच जागा उरते, पंखा वर सरकवला की उंची वाढते). प्रोसेसरची आठ पिनची वायर डाव्या वरच्या कोपऱ्यात असते, कूलर बसल्यावर तिथं बोट जात नाही, ती आधी.

वजनाचं पण ऐका. बोर्ड उभा असला की सव्वा किलो धातू बोर्डापासनं ७-८ सेंटिमीटर लांब लोंबकळत असतो. घरात ठेवलेल्या मशीनला काही होत नाही, मागची बॅकप्लेट त्यासाठीच असते. पण इचलकरंजीला गाडीवरनं न्यायचं असेल तर कॅबिनेट आडवं झोपवा, कूलर वर सरळ उभा राहील असं, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तो बोर्डाला ओढणार.

बसवून झाल्यावर चेक कसं करायचं? फुल लोड टाका, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला लावा, आणि घड्याळ बघा. किलोभर तांबं-ॲल्युमिनियम २०० वॉटवर एक डिग्री तापायला तीनेक सेकंद घेतं, म्हणजे कूलर पूर्ण तापायला काही मिनिटं जातात. आकडा हळूहळू चढत ९० ला गेला तर हवेचा घोळ आहे, पंखा उलटा असेल, कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडत असेल, खोलीच तापली असेल. पण दोन-तीन सेकंदात थेट ९५ ला उडी मारली तर फिनला हात लावून बघा (पंख्यात बोट घालू नका). एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरमधले वरचे एक्स मॉडेल फुल लोडला ९५ पर्यंत मुद्दामच जातात, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका, फिन काय म्हणतात ते बघा. पाच मिनिटांनी पण फिन गारच असतील तर उष्णता वर आलेलीच नाही, कूलर काढा, पेस्ट पुसा आणि आधी तळाला प्लॅस्टिक आहे का बघा.