हृदयदानाची संमती: सही कोणाची, कागद कोणते?

दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय चार, फार तर सहा तास टिकतं. थंड, पोटॅशियमयुक्त द्रावण सोडून त्याचे ठोके थांबवतात आणि निर्जंतुक पिशव्यांत घालून ते बर्फाच्या पेटीत ठेवतात. मूत्रपिंडाला दिवसभराची सवड असते, हृदयाला नसते. म्हणून सगळी कागदपत्रं ते छातीत धडधडत असतानाच पूर्ण करावी लागतात.

हे दान मेंदूमृत, म्हणजे ब्रेन डेड आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या व्यक्तीचंच होतं. घरी मृत्यू झाल्यास नेत्रदान होऊ शकतं, हृदय प्रत्यारोपणाला देता येत नाही.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टर प्रमाणित करतात. प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी त्यांत कोणीही नसतं. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते आणि नमुना १० भरला जातो. छाती हलताना दिसते, हात गरम लागतो, मग माणूस गेला हे मनाला कसं पटावं? व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का हे पाहणारी अ‍ॅप्निया चाचणी डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. पटल्याशिवाय सही करू नका.

संमती नमुना ८ वर. पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं यांपैकी कोणी सही करू शकतं. दाता १८ वर्षांखालील असेल तर याच नमुन्यावर आई किंवा वडिलांनी सही करायची. कोणते अवयव द्यायचे हे तुम्हीच ठरवता. दात्याचं आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र, शिवाय नातं दिसेल असा रेशनकार्डासारखा कागद जवळ ठेवा. अपघात असेल तर पोलिसांना कळवणं रुग्णालयाचं काम. तुम्ही पोलीस ठाण्याचं नाव आणि नोंदीचा कागद हाताशी ठेवा.

संमतीनंतर दात्याची देखभाल, अवयव काढणं, जतन आणि वाहतूक यांचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही. कोणी मागितलाच तर स्पष्ट नकार द्या.

हृदय कोणाला मिळणार हे कुटुंब किंवा डॉक्टर ठरवत नाहीत. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं प्रतीक्षायादीतून रक्तगट, शरीराचा आकार आणि निकड पाहून ते ठरवतात.

हयातीत नोंदणी करायची असेल तर अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था ‘नोटो’च्या संकेतस्थळावर आधार वापरून करा, किंवा नमुना ७ भरा. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक. नोंदणी असली तरी त्या वेळी घरच्यांना विचारलं जातंच, म्हणून त्यांना आजच सांगून ठेवा. शंका असल्यास नोटोचा मोफत क्रमांक: १८०० ११ ४७७०.