स्टिकरवरचे वॅट आणि बारा व्होल्टचा रकाना

घरी संगणक जोडणारा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डासाठी आठवडेच्या आठवडे चौकशी करतो आणि कॅबिनेट व एसएमपीएस (घरच्या विजेचे संगणकाच्या भागांना लागणाऱ्या वेगवेगळ्या कमी व्होल्टच्या विजेत रूपांतर करणारा डबा) मात्र उरलेल्या पैशांत बसवतो. या सवयीला बाजारानेही खतपाणी घातले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी असेंबल्ड संगणकांची चलती होती, तेव्हा कॅबिनेट बहुधा आत बसवलेल्या एसएमपीएससकटच मिळत असे, त्यामुळे तो वेगळा निवडायचा असतो हे अनेकांच्या गावीही नसे.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस अवघा ६३.५ वॅटचा होता. त्यातले ३५ वॅट ५ व्होल्टच्या वाहिनीवर आणि २४ वॅट १२ व्होल्टच्या वाहिनीवर मिळत. चिपांचे काम ५ व्होल्टवर चाले आणि १२ व्होल्ट मुख्यतः ड्राइव्हच्या मोटरी फिरवण्यापुरते लागत. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये हा आकडा १९२ वॅटवर गेला. इतर उत्पादकांनी त्या यंत्राची रचना उचलली आणि ‘एटी’ हे मापाचेच नाव होऊन बसले. पुढे एटी कॅबिनेटच्या दर्शनी बटणापर्यंत थेट घरच्या विजेची जाड वायर आणलेली असे. मदरबोर्डला वीज देणारे जोड दोन होते, दिसायला जवळपास सारखे, आणि त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळण्याची भीती असे. म्हणून बसवताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी शेजारी शेजारी ठेवायच्या, हा पाठ शिकाऊ कारागिराला सर्वांत आधी मिळे.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक मांडले आणि ही दुखणी संपवली. वीस पिनांचा एकच जोड आला, तोही उलटा न बसणारा; संगणक बंद असतानाही ५ व्होल्टची बारीक धार चालू राहू लागली, आणि त्यामुळे ‘शट डाउन’ म्हटल्यावर यंत्र आपोआप बंद होऊ लागले. मदरबोर्डची भोके, मागची पट्टी आणि एसएमपीएसचे चार स्क्रू यांच्या जागा या मानकाने ठरवून दिल्या. १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच हे तेव्हाचे एसएमपीएसचे माप आजही कायम आहे. फक्त खोली उत्पादकागणिक बदलते, आणि कॅबिनेट घेताना मोजावी लागते ती तीच.

खरी उलथापालथ २००० मध्ये पेंटियम ४ च्या वेळी झाली. प्रोसेसरची भूक इतकी वाढली की ५ व्होल्टवरून तेवढी वीज पुरवायची तर प्रवाह फार मोठा लागला असता. तेव्हा चार पिनांचा वेगळा जोड देऊन हा भार १२ व्होल्टवर टाकण्यात आला. ग्राफिक्स कार्डेही त्याच वाटेने गेली: स्लॉटमधून ७५ वॅट, आठ पिनांच्या जोडातून आणखी १५० वॅट. स्वस्त एसएमपीएसचे आराखडे मात्र बराच काळ जुनेच राहिले. ५ आणि ३.३ व्होल्टची क्षमता मिळवून एकूण ‘४५० वॅट’ ठळक छापायचे, पण १२ व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे १८० वॅटच द्यायचे, असा हिशेब कागदावर खोटाही ठरत नाही. म्हणून एसएमपीएस हातात घेतला की मोठा आकडा सोडून स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना शोधावा आणि तिथल्या अँपिअरला बाराने गुणावे.