बडोद्यातील पुरातत्त्व व मानवशास्त्रविषयक जाहीर व्याख्याने

पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि मानवी उत्क्रांती हे विषय विद्यापीठातील अभ्यासकांनी सर्वसामान्य श्रोत्यांपुढे मांडण्याची प्रथा. बडोद्यात तिचा आधार महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व व प्राचीन इतिहास विभाग हा आहे. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी हा विभाग सुरू झाला.

मराठी श्रोत्याला व्याख्यानमालेची गोडी लावली ती पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेने. बडोद्यात लोकशिक्षणाचा पुढाकार दरबाराने घेतला. तिसरे सयाजीराव गायकवाड (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी १९१० पासून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची (काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याची) चित्रे खेड्यापाड्यांत पोचवली. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी संस्थानच्या चाकरीत असताना साबरमतीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारे शोधली. १९३४ मध्ये हीरानंद शास्त्री यांच्या हाताखाली संस्थानचे स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले. मानवशास्त्राशी बडोद्याचे नाते मात्र न्यूयॉर्कमार्गे जुळते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. मुळात बहिर्विवाही (गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या) समाजावर अंतर्विवाह (गटातच लग्न) लादला गेला आणि त्यातून जाती घडल्या, हे त्याचे सूत्र. गायकवाडांच्या तिजोरीतून गेलेला पैसा याहून सार्थकी लागल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

विभागाचे पहिले प्रमुख बी. सुब्बाराव हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याकडे शिकलेले. गुजराती सांकलिया पुण्यात आणि त्यांचा तेलुगू शिष्य बडोद्यात, अशी ही देवघेव होती. नर्मदाकाठच्या महेश्वर आणि नावडातोली येथील १९५२-५३ चे उत्खनन दोन्ही संस्थांनी मिळून केले. कोणता प्रदेश माणसांना ओढून घेतो आणि कोणता त्यांना एकाकी ठेवतो, या भूगोलाच्या अंगाने सुब्बारावांनी भारताच्या प्रागितिहासाची मांडणी केली. नकाशा भिंतीवर टांगून ती कोणालाही समजावून देता येते.

बडोदेकरांना हा विषय परका वाटत नाही, याचे कारण त्यांच्या पायाखाली आहे. विश्वामित्रीकाठचे अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक. राष्ट्रकूट कर्काच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक, म्हणजे आजचे बडोदे, हे अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांतले एक गाव म्हणून येते. अकोट्यात जैन धातुमूर्तींचा मोठा साठा निघाला, त्याबरोबरच रोमन बनावटीची भांड्याची मूठही मिळाली. आज तिथे वसाहती आणि रस्ते आहेत.

तरी जाहीर व्याख्यानाला सर्वांत चांगला विषय देवनी मोरीचा. उत्तर गुजरातेत शामळाजीजवळ मेश्वो नदीवर धरण होणार होते, म्हणून १९६० ते १९६३ या काळात र. ना. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला बौद्ध स्तूप खणला. पुढे ती जागा पाण्याखाली गेली. स्तूपात सापडलेला अस्थिकरंडक (पवित्र अवशेष ठेवण्याची डबी) विद्यापीठाकडे आहे. त्यावरील लेखात ‘कथिक राजांचे १२७ वे वर्ष’ आणि राजा रुद्रसेन यांचा उल्लेख येतो. हे वर्ष शकाचे धरले तर ७८ मिळवून इ. स. २०५ येते, आणि तेव्हा पश्चिम क्षत्रप घराण्यातला पहिला रुद्रसेन गादीवर होता. गणना २४९ च्या सुमारास सुरू झालेल्या संवताची धरली तर इ. स. ३७५ च्या आसपासचे वर्ष निघते, आणि तेव्हा त्याच घराण्यातला तिसरा रुद्रसेन राज्य करीत होता. दोन्ही हिशेब जुळतात! स्तूपाची शिल्पे आधीची की गुप्तकाळाच्या तोंडावरची, हे यावरच ठरणार. वक्त्याने एकच सन सांगून पुढे जाण्यापेक्षा ही बेरीज फळ्यावर मांडली, तर पुरातत्त्वज्ञ कालनिर्णय कसा करतात हे श्रोत्याला तिथेच उमगते.

मानवी उत्क्रांतीची बाजू बडोद्यात तुलनेने लंगडी आहे, कारण माणसाचे अतिप्राचीन अवशेष गुजरातेत नाहीत. महेसाण्याजवळच्या लांघणज येथे सूक्ष्मास्त्रांसोबत (दगडाच्या बारीक हत्यारांसोबत) मानवी सांगाडे मिळाले. सांकलियांच्या १९४४ च्या मोहिमेत त्यांचा अभ्यास इरावती कर्वे यांनी केला. पण ती माणसे शरीराने आपल्यासारखीच होती. त्याहून मागे जायचे तर नर्मदेच्या वरच्या अंगाला जावे लागते. हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग सापडला. त्यांनी तो होमो इरेक्टस या नामशेष मानवजातीचा मानला. १९९१ मध्ये केनेथ केनेडी व सहकाऱ्यांनी तो आदिम होमो सेपियन्सचा, म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या रूपाचा, ठरवला. आफ्रिका आणि युरोपातील शोधांची चर्चा याच जीवाश्माशी जोडून केली, तर ती इकडच्या श्रोत्याला परकी वाटत नाही.

प्रश्नोत्तरांत ‘माकडापासून माणूस झाला, तर माकडे अजून कशी?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. आजची माकडे आपली पूर्वज नव्हेत. चिंपांझी आणि माणूस यांचा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला, असे त्याचे उत्तर आहे. दुसरा ठरलेला प्रश्न समुद्रात बुडाल्याचे सांगितल्या जाणाऱ्या कृष्णाच्या द्वारकेचा. तिथे सभा लांबते.