ऑस्ट्रॅकोड जीवाश्मांचे वर्गीकरण

ऑस्ट्रॅकोड हे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले संधिपाद प्राणी. अंग दोन झडपांच्या चुनखडी कवचात मिटलेले असल्याने दिसतात मात्र तिळाएवढ्या शिंपल्यासारखे. बहुतेकांची लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर. ऑर्डोव्हिशियन काळापासून, म्हणजे सुमारे ४८ कोटी वर्षांपासून, त्यांची कवचे समुद्राच्या गाळात साचत आली आहेत. या वर्गाला फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये नाव दिले.

ग्रीक भाषेत ऑस्ट्रॅकॉन म्हणजे खापर, आणि अभ्यासाची रीतही खापरांचीच आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया व दीक्षित यांनी १९४५–४६ मध्ये उत्खनन केले. तिथल्यासारख्या खापरांचा काठ, जाडी आणि नक्षी पाहून भांडे ओळखावे, तसे इथे रिकाम्या झडपेवरून प्राणी ओळखायचा असतो. पाय, स्पर्शिका हे मऊ अवयव केव्हाच कुजून गेलेले असतात.

खडक भिजवून, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक झडप वेचतात. नवशिक्याचे लक्ष आधी बाहेरच्या जाळीकडे आणि काट्यांकडे जाते. पण ही नक्षी परिस्थितीनुसार बदलते आणि दूरच्या कुळांतही सारखी दिसू शकते. भरवशाच्या खुणा झडपेच्या आतल्या बाजूस असतात. दोन झडपा जोडणाऱ्या बिजागरीचे दात व खाचा, कडेची सूक्ष्म छिद्रे, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे झडपा मिटणाऱ्या स्नायूंचे व्रण, म्हणजे ते कवचाला चिकटल्याच्या खुणा. सायथेरॉइड गटात असे चार व्रण उभ्या रांगेत असतात. डार्विन्युला प्रजातीत ते फुलाच्या पाकळ्यांसारखे वर्तुळात मांडलेले दिसतात.

एकाच प्राण्याची अनेक कवचे मागे राहतात, हीही अडचण आहे. पोडोकोपिड गटातला ऑस्ट्रॅकोड प्रौढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकतो, आणि लहान वयाच्या झडपांचा आकार, बिजागरी वेगळी असते. नर-मादीतही फरक असतो. बेरिचिइड गटातील मादीच्या कवचाला पिलांसाठी फुगीर कप्पा असे. त्यामुळे एकाच जातीला दोन नावे पडल्याचे प्रकार घडले. एका झडपेवरून नवी जाती जाहीर करू नये. एकाच थरातला लहान-मोठ्या झडपांचा संच हाती हवा.

ऑर्डोव्हिशियनच्या आधीच्या कँब्रियन काळातील ब्रॅडोरिइड हे दोन झडपांचे प्राणी पूर्वी याच वर्गात धरत. चीनच्या युन्नानमध्ये त्यांचे मऊ अवयव सापडल्यावर त्यांना वगळण्यात आले. इंग्लंडच्या हेरफर्डशर येथील सुमारे ४२.५ कोटी वर्षांच्या खडकात उलट घडले: २००३ मध्ये तिथून अवयवांसह टिकलेल्या नर ऑस्ट्रॅकोडचे वर्णन झाले. त्याच ठिकाणच्या पॉलिन ॲव्हिबेला या जातीने केवळ कवचावर विसंबणे किती धोक्याचे आहे, ते दाखवून दिले. कवचांवर उभ्या असलेल्या जुन्या गणांकडे त्यामुळे सावधपणेच पाहावे लागते.

कोल्हापूरचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणून सागरी नमुने इथे शोधू नयेत. त्यासाठी कच्छचे ज्युरासिक थर आहेत. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या तळ्यांच्या गाळात, उदाहरणार्थ नागपूरजवळ टाकळीला, गोड्या पाण्यातले ऑस्ट्रॅकोड मिळतात. त्यांचे हयात नातलग तळ्यांत आणि भातखाचरांत राहतात. जिवंत प्राण्याची झडप उघडून स्नायू आणि त्याचा व्रण एकत्र पाहिला, की जीवाश्मातला तोच ठिपका ओळखता येतो.