बदकाच्या कवटीतून ऊन

गुढीपाडव्याच्या सुमारास बडोद्यातल्या परसातल्या जास्वंदीवर शिंजीर पक्ष्याचा नर निळा-जांभळा चमकू लागतो. थंडीच्या सुरुवातीला हाच नर मादीसारखा मळकट पिवळा होता. गळ्यापासून पोटाकडे गेलेली काळपट रेघ तेवढी नर असल्याची खूण. नेमक्या याच दिवसांत डभोईजवळचा वढवाणा तलाव मात्र रिकामा होत जातो. सयाजीरावांच्या काळात, 1910 साली, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव 2021मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. तिथे हिवाळा काढलेले पट्टकादंब हे रानहंस तिबेट-मंगोलियातल्या सरोवरांकडे निघतात. हिमालय ओलांडताना ते 7,290 मीटर उंचीवर उडाल्याची नोंद आहे.

एकाला नटायचं, दुसऱ्याला निघायचं, हे कळतं कसं? हवा लहरी, पण दिवसाची लांबी कधी फसवत नाही. बडोद्यात डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा, जूनमध्ये साडेतेरा तासांचा. हा फरक पक्षी डोळ्यांनी मोजत असतील असंच कुणालाही वाटेल. पण 1930च्या दशकात फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ जाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले (आज वाचताना अंगावर काटा येतो). डोळे काढलेल्या बदकांची जननेंद्रियंही जास्त प्रकाश मिळाल्यावर वाढली! कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूच्या आतल्या पेशी थेट टिपतात. दिवस पुरेसा लांबला की त्यांच्या इशाऱ्यावर संप्रेरकं सुटतात, आणि एरवी आक्रसून राहिलेली जननेंद्रियं कित्येक पटींनी मोठी होतात. उडणाऱ्या जिवाला हे ओझं वर्षभर वाहणं परवडणारं नाही.

पण उजेड फक्त तयारी करून देतो. अंडी कधी घालायची ते पिल्लांच्या पोटावर ठरतं. शिंजीर फुलांतल्या मधावर जगतो, पिल्लांना किडे-कोळी भरवतो, त्यामुळे पळस-पांगाऱ्याचा बहर त्याला सोयीचा. कोळ्याच्या जाळ्यांनी गुंफलेलं लोंबतं घरटं मादी एकटी बांधते. शिंजिराला बोलवायला दाण्याचं भांडं टांगून उपयोग नाही, त्यावर कबुतरंच पोसली जातात. जास्वंद लावा.

आपल्याकडे बारमाही राहणारं हळदीकुंकू बदक मात्र वसंतात घरट्याचं नावही काढत नाही. पिवळ्या टोकाच्या चोचीचं हे बदक पावसाची वाट पाहतं, कारण त्याच्या पिल्लांना भरल्या पाण्यातले किडे लागतात. जुलैनंतर काठच्या दाट गवतात आठ-दहा अंडी सापडतात, आणि तेव्हाच काठ ‘स्वच्छ’ करायला गवतकापणी सुरू झाली, तर अख्खी वीण जाते.