पुस्तकी मूल्याच्या खाली म्हणजे स्वस्त?

‘बँकेचा शेअर पुस्तकी मूल्याच्या खाली मिळतोय, डोळे झाकून घ्या!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. वरवर पटतोही. पण पुस्तकी मूल्य म्हणजे मालमत्ता वजा देणी, आणि बँकेची मालमत्ता म्हणजे मुख्यतः वाटलेली कर्जं. त्यातली किती वसूल होतील, हा शेवटी अंदाजच.

समजा, कर्जं १००, ठेवी ९०, भागधारकांचे १०. बाजार त्या १० ला ७ देतोय, म्हणजे पी/बी (बाजारभाव भागिले पुस्तकी मूल्य) ०.७. आता १०० पैकी फक्त ६ बुडाले, की भागधारकांचे उरले ४. तुम्ही मात्र ७ मोजून बसलात. भांडवल पातळ आणि कर्जांचा डोंगर मोठा, त्याचा हा परिणाम.

बरं, काहीच बुडालं नाही तर? बँक भांडवलावर ८ टक्के कमावते, गुंतवणूकदाराला १२ हवेत आणि वाढ नाही, असं धरलं तर रास्त पी/बी ८ भागिले १२, साधारण ०.६७. म्हणजे ०.७ ला घासाघीस केल्याचं समाधानही नाही!

पडताळायला वार्षिक अहवाल उघडा. निव्वळ थकीत कर्जांना (तरतूद वजा करून उरलेल्या) नेटवर्थने, म्हणजे भागधारकांच्या भांडवलाने, भागा. भांडवलावरचा परतावा एका वर्षाचा नको, पाच-सात वर्षांचा बघा. आणि पुनर्रचित कर्जं, म्हणजे फेडीच्या अटी सैल करून दिलेली, अहवालाच्या मागच्या पानांवरच्या टिपांमध्ये असतात. ती पानं मीही पूर्वी उलटून टाकायचो.