टोमणा ऐकल्यावर डोकं कुठे जातं?

2015 साली 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात इस्रायलमधला एक प्रयोग छापून आला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांतले 24 गट, प्रत्येकात एक डॉक्टर आणि दोन परिचारिका. समोर मुदतीआधी जन्मलेलं बाळ. खरं नव्हे, सरावासाठीचा पुतळा. बाळाची तब्येत झपाट्यानं खालावते. कारण असतं आतड्याचा एक जिवावर बेतणारा आजार. तो वेळेत ओळखून उपचार करायचे. अमेरिकेतले एक तज्ज्ञ हे सगळं दुरून बघताहेत, असं गटांना सांगितलेलं होतं.

काही गटांशी हे तज्ज्ञ तटस्थपणे बोलले. बाकीच्यांना सुरुवातीलाच ऐकवलं, की इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा पाहून मी काही फारसा प्रभावित झालेलो नाही. थोड्या वेळानं आणखी एक चिमटा: अशी माणसं माझ्या विभागात आठवडाभरही टिकली नसती. शिवीगाळ नाही, आवाज चढवणं नाही. आपल्याकडच्या मीटिंगांत याहून तिखट बोलणं चहाबरोबर पचवलं जातं.

तरी फरक पडला. कोणी काय ऐकलंय हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी गुण दिले, तेव्हा टोमणा ऐकलेले गट आजार ओळखण्यातही मागे पडले आणि उपचार करण्यातही. शिक्षण तेच, अनुभव तोच. मग गेलं काय? तर एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं. निदान चुकलं ते मुख्यतः माहिती पुढे न गेल्यामुळे, आणि हात चुकले ते 'जरा इकडे या' असं कुणी न म्हटल्यामुळे. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. बोलणाऱ्याला वाटतं, टोमणा एका माणसाला लागला. प्रत्यक्षात दोन माणसांमधली वाट बंद झालेली असते.

डोक्याच्या आत काय होतं, याचा अंदाज क्रिस्टीन पोरॅथ आणि आमिर एरेझ या संशोधकांच्या 2007 च्या प्रयोगांवरून येतो. कुणीतरी तुसडेपणानं वागल्यावर विद्यार्थ्यांना विस्कटलेली अक्षरं जुळवून शब्द करायला दिले, विटेचे जास्तीत जास्त उपयोग सुचवायला सांगितले. दोन्हींत ते कमी पडले. कारण समजायला अवघड नाही. हातातलं काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेंदूतली जागा फार थोडी असते. 'तो असं का म्हणाला? मी काय उत्तर द्यायला हवं होतं?' हे तिथे घोळू लागलं, की विटेला जागा उरत नाही. पुढच्या प्रयोगांत तर दुसऱ्याचा अपमान नुसता पाहणाऱ्यांचंही काम बिघडलेलं दिसलं.

माझ्या एका जुन्या ऑफिसात अकाउंट्सला एक गृहस्थ होते. निविदेतल्या एका रकमेत शून्य जास्त पडलंय, हे त्यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं. "तुम्हाला कोणी विचारलं?" असं उत्तर मिळालं. चूक दुरुस्त झाली, विषय संपला. पुढे कधीतरी तशीच चूक त्यांच्या टेबलावरून गेली. नंतर डबा खाताना मला म्हणाले, "दिसली होती. पण मला कोणी विचारलं नव्हतं."

त्या ऑफिसात सगळे एकमेकांना 'अहो'च म्हणत, बरं का. अहो-जाहो करत माणसाला कस्पटासमान वागवता येतं आणि अरे-तुरे करूनही मान ठेवता येतो. मान म्हणजे समोरच्याला कारण सांगण्याच्या लायकीचा समजणं.

जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकांनी 1990 मध्ये हे जवळपास तराजूत तोलून दाखवलं. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या दोन कारखान्यांत पगार दहा आठवड्यांसाठी 15 टक्क्यांनी कापायचे होते. एका ठिकाणी अध्यक्षांनी स्वतः येऊन तासदीड तास दिला, तक्ते दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्न घेतले. दुसरीकडे पंधरा मिनिटांत उरकलं. कामगारांकडून होणाऱ्या चोरीचं प्रमाण दोन्हीकडे वाढलं, पण पंधरा मिनिटांवाल्या कारखान्यात कितीतरी जास्त. नोकरी सोडून जाणारेही तिथेच अधिक. कपात दोन्हीकडे सारखीच होती! पगाराला पर्याय म्हणून गोड बोलणं विकणाऱ्यांनी मात्र यावर खूश होऊ नये: समजावून सांगूनही चोरी वाढलीच होती. पोट पोटाच्या जागी असतं.

'मन लावून काम करणं' यावर व्यवस्थापनाची मंडळी हल्ली भरपूर सर्वेक्षणं घेतात, एक ते पाच गुण द्या छापाची. त्यांनी एमी एडमंडसन या संशोधिकेचा अनुभव आधी वाचावा. 1990 च्या दशकात दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांत औषध देण्यातल्या चुका मोजल्या जात होत्या. जिथे गट चांगला, तिथे चुका कमी, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले: चांगल्या गटांच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या. बाकीच्या विभागांत ती लपवली जात होती, कारण सांगणाऱ्याची शाळेतल्या पोरासारखी झाडाझडती व्हायची. नुसता तक्ता पाहणारा वरिष्ठ यातल्या नेमक्या चांगल्या विभागाला बोलावून झापेल, आणि पुढच्या महिन्यात तिथलेही आकडे छान सुधारलेले दिसतील.